जागी भेग

थोरलीची पाठ वळायची खोटी, धाकट्याने घर रंगवून टाकलं. ऑफिसच्या कामासाठी ती आठ दिवस बाहेर होती. परत आली आणि फाटकातच थबकली. चारही भिंती गुळगुळीत, पिवळ्याधमक, चकचकीत. वर्षातून पंधरा दिवस उगवणारा तिचा भाऊ दारात शाबासकीची वाट बघत उभा होता. पश्चिमेच्या भिंतीलगत, नेहमीच्या लाकडी बाकावर आई बसली होती आणि लेकाच्या कौतुकाने तिचाही चेहरा रंगवल्यासारखाच दिसत होता.

थोरलीने बॅग खाली ठेवली आणि पहिलं काय विचारलं असेल, तर पेन्सिलीच्या खुणा कुठे गेल्या.

त्या खुणा त्यांच्या वडिलांच्या. ते गवंडी होते. जन्मभर लोकांच्या घरांना गिलावा केला आणि स्वतःच्या घराचाही आपल्याच हाताने केला. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, ते हातोडी उलटी धरून घराला फेरी मारायचे. दांड्याने ठोकत ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला की पुढचा हात. बद्द आवाज आला की समजायचं, तिथल्या गिलाव्याने भिंत सोडली. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ, शेजारी तारीख आणि एक शब्द. गेल्या खेपेपासून भेग पुढे सरकली नसेल तर ‘झोपली’. सरकली असेल तर ‘जागी’. झोपलेली बुजवायची. जागीला लांबी-पुट्टी फासून गप्प बसवायचं नाही, ती का जागी आहे ते शोधायचं. थोरली लहानपणी त्यांच्या मागे मागे फिरायची आणि अक्षरं ती या भिंतीवरच गिरवायला शिकली. तीन वर्षांपूर्वी वडील गेले. तेव्हापासून शिडीवर तीच चढत होती.

धाकट्याचं म्हणणं असं, की बाहेरून आलेल्या माणसाला ती भिंत आहे की गिरवायची पाटी, तेच कळत नव्हतं. रंगही साधा नाही, रबरासारखा ताणला जाणारा, पाण्याचा थेंब आत जायचा नाही. शिवाय रंगारी भला माणूस. भिंतीच्या पायथ्याशी सगळीकडे बोटभर फट राहून गेली होती, ती त्याने आपणहून सिमेंटने बुजवून दिली. उंदीर शिरले असते म्हणे.

इथे थोरलीचा तोल सुटला. ती फट राहून गेली नव्हती, ठेवली होती. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून जे पाणी आत जातं ते गिलाव्यामागून खाली उतरतं आणि त्या फटीतून बाहेर पडतं. वरून रबर, खालून सिमेंट, आता ते पाणी जाणार कुठे, असं तिने रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. धाकटा म्हणाला, ताई, आत्ताच आलीस, आधी चहा तरी घे.

चहा राहिला बाजूला. तिने आईला बाक हलवायला सांगितला. त्या बाकाच्या वर, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी उतरणारी भेग गेल्या वर्षी वीतभर सरकली होती. कोपरा उकरून नीट करायला ती याच आठवड्यात गवंडी बोलावणार होती. तोवर त्या भिंतीखाली कुणी बसायचं नाही.

“तिथे लिहूनसुद्धा ठेवलं होतं,” ती म्हणाली. “बाक हलवणे.”

“कुठे लिहिलंय? दाखव,” आई म्हणाली.

काय दाखवणार? समोर पिवळीधमक भिंत होती. आईने पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, “तुला भावाचं चांगलं बघवत नाही. एवढंच आहे ते.”

थोरली बॅग उचलून आत गेली. जे तोंडात येत होतं ते बाहेर पडलं असतं तर घरात पुन्हा कुणी कुणाशी बोललं नसतं. तीन वर्षं शिडी कुणी धरली नव्हती. भर उन्हात भिंतीला कान लावून उभी असायची तेव्हा हीच आई खिडकीतून म्हणायची, पुरे झाली ती टकटक, लोक हसतात. आणि याने आठ दिवसांत भिंतीचं तोंड बंद केलं, तर तो गुणाचा. तिची कानशिलं तापली. रात्री जेवताना तिने भाजीचं भांडं असं आपटलं की धाकटा दचकला. तिला बरं वाटलं.

मग दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, आई बाकावर जाऊन बसली, आणि तिच्या डोक्याच्या हातभर वर भिंतीला पोट सुटलेलं दिसलं. थोरलीने हातोडीच्या दांड्याने ठोकलं. बद्द. वीतभर सरकून ठोकलं. बद्द. धाकटा म्हणाला, रंगात हवा धरली असेल. थोरलीने आईला ऊठ म्हणून सांगितलं. आई म्हणाली, ऊन इथेच येतं. थोरलीने पुन्हा सांगितलं. आईने डोळे मिटले, जणू घरात रेडिओ लागलाय.

आई खाली असताना वर घाव घालता येत नव्हता, आणि हे आईला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा थोरलीने छिन्नी घेतली आणि बाकापासून दूर, कोपऱ्यात, पायथ्याचं सिमेंट फोडायला घेतलं. प्रत्येक घाव तिने कुणाच्या ना कुणाच्या नावाने घातला. पहिला रंगाऱ्याच्या, दुसरा भावाच्या, तिसरा कुणाच्या ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही. टवका उडाला आणि गढूळ पाणी बाहेर आलं. थेंब थेंब नाही, चांगली धार लागली. ती धाकट्याच्या पांढऱ्या बुटांवरून गेली. त्याने पाय मागे घेतला नाही.

थोरलीने सुरी घेतली, फुगवट्याच्या कडेला, बाकाच्या बाजूने रंग कापला आणि टोक धरून ओढला. दुधावरची साय निघावी तसा तो अखंड निघाला, मागे गिलाव्याची पूड घेऊन. आणि त्या पुडीत, रंगाच्या उलट्या बाजूला, पेन्सिलीची अक्षरं उतरली होती. उलटी.

धाकटा आत जाऊन दाढीचा आरसा घेऊन आला. एका हातात रंगाचं कातडं, दुसऱ्या हातात आरसा, असा तो आईसमोर वाकून उभा राहिला. आईने चष्मा सारखा केला.

“जागी,” तिने वाचलं. “बाक हलवणे.” ती आरशावर आणखी वाकली. “ह्यांचं अक्षर आहे.”

आणि ती उठली. इतकं सांगूनही जी हलली नव्हती, ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि लेकाला म्हणाली, बाकाचं ते टोक धर. दोघांनी बाक अंगणाच्या मध्यावर नेऊन ठेवला.

थोरली शिडीवर चढली आणि एकच घाव घातला. परातीएवढी गिलाव्याची लादी सुटली आणि बाकाची पाठ जिथे टेकलेली असायची, बरोबर तिथे पडून तिचे तुकडे झाले. धुरळा हळूहळू खाली बसला.

धाकट्याने ते कातडं पुन्हा आरशासमोर धरलं होतं. तो त्यात अजून काहीतरी वाचत होता.

“आई,” तो म्हणाला, “खाली तारीख आहे. गेल्या वर्षीची.”

आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग शिडीकडे. गेल्या वर्षी पेन्सिल धरायला घरात कोण होतं, हा हिशोब तिलाही अवघड नव्हता. थोरली शिडीवरून उतरली. तिच्या केसांत पांढरी पूड होती. हातोडी तिने खाली ठेवली नाही.

“माझं अक्षर आहे ते,” ती म्हणाली. “गेलं वर्षभर मीच सांगत होते.”

आईने वाकून लादीचा एक तुकडा उचलला. आता ती काहीतरी सारवासारव करील, चष्म्यावर ढकलील, असं थोरलीला वाटलं. तिने तसं केलं नाही.

“मला ऐकू येत नव्हतं असं नाही गं,” आई म्हणाली.

“माहितीये,” थोरली म्हणाली. “म्हणूनच तर राग येतो.”

तिने कानामागची पेन्सिल काढली. उघड्या पडलेल्या भिंतीवर भेगेचं टोक शोधलं, आडवी रेघ मारली, आजची तारीख घातली आणि ‘जागी’ लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की टोक मोडलं. मग धाकट्याला शिडी धरायला सांगितली आणि खिडकीच्या पलीकडची भिंत ठोकायला घेतली.