इनोकुची डॉक्टरीणबाईंच्या वह्या

डॉक्टरीण इनोकुची शिगे न्यूमोनियाने वारल्या, त्यांचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला, आणि गावातल्या भल्याभल्या बायकांना त्यांच्या आठवणीने एकाएकी उमाळे यायला लागले. बाई जिवंत होत्या तेव्हा “बिनलग्नाची, पुरुषासारखी पेटी घेऊन दारोदार हिंडते” म्हणून नाकं मुरडणाऱ्या त्या ह्याच. आता रेशमी किमोनो नेसून, गोड वड्यांचा डबा घेऊन यायच्या, तसबिरीपुढे उदबत्ती लावायच्या, कोरड्या डोळ्यांना रुमाल लावायच्या, आणि चहाचा पहिला घोट उतरतो न उतरतो तोच विचारायच्या, “तोसेबाई, त्या वह्या कुठे ठेवल्यात हो?”

तोसेबाई म्हणजे दवाखान्यातली नर्स. बावीस वर्षं डॉक्टरीणबाईंच्या मागे डोंगरवाटा तुडवलेली. वह्यांत जपानातल्या शिन्शू प्रांताच्या त्या खोऱ्यातल्या घराघराचं दुखणं लिहिलेलं होतं. कुणाकडे क्षय, कुणाकडे वेड, कुणाच्या पोरीचं काय. तिकडे लग्न जुळवायचं तर मुलाकडचे मुलीच्या घराची कसून चौकशी करतात. शेजाऱ्यांना विचारतात, तांदूळवाल्याला विचारतात, पोरीची मावशी खोकते का तेही विचारतात. मुलाच्या घराची चौकशी? छे! असलं काही विचारायला का कुणाला वेड लागलंय!

त्या दिवशी आल्या त्या कुरातांच्या मासुबाई. कुरातांचा मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, कारखाना, निम्म्या गावाची जमीन त्यांची, दवाखाना उभा होता ती जागाही त्यांचीच.

“तोसे, आमच्या एइकिचीसाठी माकिउची मास्तरांची नुई बघितलीय,” त्या म्हणाल्या. “पोर गुणी आहे. पण तिची आत्या छातीच्या दुखण्यानं गेली म्हणतात. जरा पान काढ बघू.”

“रोग्याचं गुपित रोग्याचं, बाईसाहेब.”

“अगं, मेलेल्या माणसाचं कसलं आलंय गुपित! आणि हो, आमच्या घरचं पान असेल ते फाडून दे मला. उगाच कुणाच्या हाती नको.” मासुबाईंनी दवाखान्याच्या छपराकडे नजर टाकली. “नवी डॉक्टर येईपर्यंत तू इथेच राहणार ना? राहा हो. आमची ना नाही.”

एइकिचीचं हे तिसरं लग्न. आधीच्या दोन्ही बायका वांझ म्हणून माहेरी पाठवल्या होत्या. दगड, असं म्हणत त्यांना. तीन वर्षांत मूल नाही म्हणजे बाई दगड, आणि दगड घरात ठेवून करायचं काय? गावाला ह्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट तीन-तीन वर्षं वाट पाहिली म्हणून मासुबाईंच्या मोठ्या मनाचं कौतुकच झालं होतं!

त्या गेल्यावर तोसेने ट्रंक उघडली. रोग्यांच्या वह्यांखाली एक वेगळी, निळ्या पुठ्ठ्याची वही होती, डॉक्टरीणबाईंची खाजगी. मृत माणसाचं खाजगी वाचू नये हे तिला कळत होतं. तरी तिने वाचलं.

‘कुरातांची पहिली सून फुसा. माहेरून धडधाकट आलेली पोर तीन महिन्यांत परम्याने आडवी झाली. हा गुप्तरोग नवऱ्याचा, आणि ह्यानेच तिची कूस बंद झाली. सासूला सांगितलं. ती म्हणाली, दाखल्यात गर्भाशय अशक्त असं लिहा. मी लिहिलं.’

सहा वर्षांपुढच्या पानावर: ‘दुसरी सून इयो. तोच रोग. पुन्हा तोच दाखला दिला. दवाखाना त्यांच्या जागेत आहे हे मी विसरू शकले नाही. मी डॉक्टर नव्हे, भाडेकरू आहे.’

 दोन्ही दाखल्यांवर शिक्का तोसेनेच मारला होता. तिला काय ठाऊक नव्हतं? पोरींचे कपडे उकळत्या पाण्यात कुणी टाकले होते? डॉक्टरीणबाईंचा तिला फार राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. बावीस वर्षं आपण देवतेची सेवा केली असं ती समजत होती. शी!

आता नुई. चौथीत असताना सुईला घाबरून टेबलाखाली लपलेली नुई. सहा दिवसांनी तिच्या घरी सोयरिकीची ताटं जायची होती.

पण गुपित रोग्याचं, हेही खरंच होतं. मग रोगी कोण? कुरातांचं घर की त्या दोन पोरी? फुसा सूतगिरणीत राबता राबता वारली होती. इयो मात्र जिवंत होती. तोसे चार कोस चालून तिच्या भावाच्या घरी गेली. इयो ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून लोणच्याच्या पाल्याच्या जुड्या धूत होती. हात थंडीने लालभडक.

“तुझं पान मास्तरांसमोर वाचू का गं?” तोसेने विचारलं आणि पानात काय आहे ते सांगितलं.

इयोच्या हातातली जुडी पाण्यात वाहत गेली. “म्हणजे माझ्यात दोष नव्हता?”

“नव्हता.”

“माझी वहिनी मला तिच्या बाळाला हात लावू देत नाही, मावशी. म्हणते, तुझी सावली पडेल.” ती रडली नाही. दातओठ खात म्हणाली, “वाचा. मोठ्यानं वाचा.”

सोयरिकीच्या दिवशी मास्तरांच्या बैठकीत ताटं मांडली होती. सुकवलेला मासा, पंखे, आणि केस पांढरे होईपर्यंत संसार टिकावा म्हणून तागाच्या शुभ्र धाग्यांची लड. कुरातांकडून अशी लड जायची ही तिसरी खेप. मुलाच्या आईने स्वतः येण्याची रीत नव्हती, पण मासुबाई आल्या होत्या. वह्यांची धास्ती होती ना!

तोसे दारातून थेट आत आली, ताटांसमोर बसली आणि निळी वही उघडून दोन्ही पानं वाचली. मोठ्याने.

 मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दर सोमवारी शाळेत मुलांपुढे सदाचारावर व्याख्यान देणारे हे गृहस्थ.

“तोसेबाई,” ते हळूच म्हणाले, “आम्हाला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं?”

“साधारण. गावात कुणाला ठाऊक नाही? पुरुषाचं असायचंच काहीतरी. आता तो औषध घेतो म्हणतात. घराणं मोठं आहे, मुलगी सुखात राहील.” बाजूला त्यांची बायको खाली मान घालून चटईचे धागे बघत होती. तिलाही ठाऊक होतं. मुलीला सूप कसं वाढायचं ते दोघांनी शिकवलं होतं, हे मात्र सांगितलं नव्हतं.

“बघ!” मासुबाई खुशीत आल्या. “ह्या बाईला उद्याच दवाखान्यातून बाहेर काढते.”

कोपऱ्यात चहा ओतत बसलेल्या नुईने किटली खाली ठेवली.  “सासूबाई,” ती म्हणाली, “पहिलीचं नाव काय होतं?”

“कुणाचं?”

“तुमच्या पहिल्या सुनेचं.”

“तिचं ना? फु... फुजी की काय. आता इतक्या वर्षांचं कोण लक्षात ठेवतं!”

“आत्ताच वाचलं त्यांनी. फुसा.” नुईने तागाच्या लडीचं ताट दोन्ही हातांनी मासुबाईंकडे सरकवलं. “हे घेऊन जा.”

“नुई!” मास्तर ओरडले. “ताटं परत गेली तर मी कुठल्या तोंडानं गावात फिरू?”

“ज्या तोंडानं हो म्हणालात, त्याच तोंडानं फिरा, बाबा.”

 तिने हात मांडीवर घट्ट धरले आणि ती तोसेकडे वळली.

“मावशी, पुढचं पान कोरं आहे का?”

“आहे.”

“मग लिहा. माकिउची नुई, वय वीस. कुरातांची तिसरी सून व्हायची होती. गेली नाही.”

तोसेने दौत उघडली आणि ती सांगेल तसं, सगळ्यांच्या देखत, लिहून घेतलं.