निळ्या फिल्मवरचा हात

"हा हात तुम्हीच रंगवलात ना, मिसेस वादास?"

टेसाने पाकिटातून जुनी पारदर्शक फिल्म काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. त्यासाठीच ती न्यूयॉर्कहून ब्रिजपोर्टला आली होती. जाळ्यांवरून झोके घेणाऱ्या मुखवटेवाल्या नायकाचा नवा सिनेमा गाजत होता, आणि त्याच्या जुन्या कॉमिक्सचा संग्रह टेसा नव्याने काढत होती. सिनेमाच्या दिग्दर्शकाने कुठेतरी सांगितलं होतं, की लहानपणी एका चौकटीत फाटक्या हातमोज्यातून नायकाचा तपकिरी हात दिसला, आणि हा आपल्यातला आहे असं वाटलं. एरवी तो हात कायम गुलाबी. तो तपकिरी करणारीचे आभार संग्रहात मानायचे होते. पान संध्याकाळी छपाईला जाणार होतं.

"कडेला 'पी. व्ही.' आहे," टेसा म्हणाली. "पिरोश्का वादास. तुम्हीच."

पिरोश्काने चष्मा चढवला. कडेची अक्षरं तिचीच होती. कॉमिक्सची पानं रंगवून देणाऱ्या इथल्या कारखान्यात ती तरुणपणी होती, तेव्हा एका पानाच्या नऊ फिल्म असत. पिवळा, लाल, निळा, आणि प्रत्येकाच्या तीन छटा. जिथे जी छटा हवी तिथे ब्रशने दाट लेप भरायचा, आणि कडेला आपली अक्षरं घालायची, म्हणजे चूक निघाली तर कुणाला झापायचं ते मुकादमाला कळे. फिकट निळ्याच्या फिल्मवर हाताची जागा भरली, की छापताना गुलाबी हात तपकिरी होई.

"हो म्हटलं तर?"

"तर उद्या जगभर तुमचं नाव!"

कितीतरी वर्षांत कुणी तिच्या दारात अशा कामासाठी आलं नव्हतं. पिरोश्काने फिल्म खिडकीपुढे धरली.

"पोरी, हे लेपाचे फटकारे बघ. कुठे झुकलेत?"

"डावीकडे."

"मी उजव्या हाताची. आमच्या रांगेत डावखुरी एकच. व्हर्निस ट्वायमन. माझ्या शेजारच्या खुर्चीवर."

"पण अक्षरं तुमची आहेत."

"अक्षरं मी सकाळीच घालून ठेवायचे. माझी लेक मार्गिट पोटात होती. रंगाच्या वासाने मळमळायचं, निम्मा दिवस मी मोरीतच. काम पुरं झालं नाही तर मुकादम घरी बसवणार. व्हर्निस आपलं काम उरकायची आणि माझ्या फिल्म ओढून घ्यायची. म्हणायची, 'जा गं, पड जरा. मी काय, चित्रंच रंगवतेय. तुझ्यासारखं मूल तर नाही ना घडवत.'"

टेसा हसली. "मग हा हात चुकून झाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, 'चूक कसली? सहा महिने त्याचा हात रंगवतेय. एकदा माझ्या धाकट्या भावाचा रंगवला.'"

"आणि मुकादम?"

"छापील पान नाचवत आला. 'कुणाचा हा गाढवपणा?' व्हर्निस उठायला लागली. सगळ्या कारखान्यात ती एकटी काळी. तिला त्याने दाराबाहेरच काढली असती. मी म्हटलं, 'माझा. अंधारी आली होती.' पोटाकडे बघून गप्प बसला मेला." पिरोश्काने लेपावरून बोट फिरवलं. "खोटं बोलले ते बरंच केलं. आज तेच खोटं पुढे चालवलं, तर तिचा हात चोरल्यासारखं होईल."

"त्या आता कुठे आहेत?"

"गेली. अकरा वर्षं झाली. मार्गिटच्या लग्नात माझ्या नवऱ्याबरोबर नाचली होती. त्याचे पाय तुडवले अगदी."

टेसाने फोन काढला. समोरून कुणीतरी कटकट करत असावं. "नाही, कागदावर नाही... पण फटकारे आहेत ना," ती म्हणाली. मग नाव सांगितलं. पहिलं नाव, आडनाव, पुन्हा एकदा सावकाश. फोन झाकून तिने विचारलं, "आणि तुमच्याबद्दल काय लिहू?"

"शेजारी बसायची, असं लिही."

टेसाने तसंच सांगितलं.

पिरोश्का फिल्म धरून खिडकीशीच उभी होती. कोऱ्या फिल्ममधून समोरचा रस्ता, खांब, मेपलची झाडं सगळं आरपार दिसत होतं. फक्त व्हर्निसने भरलेल्या हाताच्या जागेतून उजेड येत नव्हता. तिने आपला सुरकुतलेला हात उचलला आणि मागच्या बाजूने त्या हाताला टेकवला.