डावीकडचा मोर

विरुपाक्ष मास्तरांच्या घरात धोंडिराम बावीस वर्षांनी पाऊल टाकत होता. जिन्यातून दोनदा मागे फिरावंसं वाटलं. पण बोलावणं मास्तरांचं नव्हतं, त्यांच्या नातीचं होतं. उत्कर्षा पुण्यात ॲनिमेशन शिकत होती. सगळी चित्रं हाताने काढलेल्या एका आयरिश सिनेमाची ब्लू-रे डिस्क तिने आणली होती.

"अज्जांबरोबर चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढणारे तुम्हीच उरलात, काका. दोघं मिळून बघा की!"

टीव्हीशेजारी काचेच्या चौकटीत सोलापुरी चादर होती. समोरासमोर दोन मोर. खाली पितळी पट्टी : 'रचना – विरुपाक्ष मास्तर. सत्कार, दिल्ली.' त्या मोरांचा ग्राफ धोंडिरामने काढला होता, चौकटीच्या कागदावर कुंचल्याने एकेक घर भरत, चार महिने खपून. सत्काराच्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हापासून तो शब्द दाताखालच्या खड्यासारखा तोंडातच होता.

सिनेमा सुरू झाला. जुनी दंतकथा. कंजूष राजाने दारी आलेल्या कवीला कोरडे तुकडे दिले, शेकोटीसुद्धा दिली नाही. सकाळी कवीने राजावर एक कवन म्हटलं आणि राजाच्या तोंडावर तीन फोड उठले. डागी राजाला गादी नाही, असा तिथला कायदा.

धोंडिराम खुर्चीच्या कडेला आला. झाडं, धूर, राजाची दाढी, सगळं वेलबुट्टीसारखं एकमेकांत गुंतलेलं. चित्र इतकं स्वच्छ, की रंगाखालची पेन्सिल दिसत होती. एके ठिकाणी तर खोडलेली रेघही.

"थांबव, पोरी. राजाचं नाक काढणारा निराळा आणि हे फोड काढणारा निराळा."

"कसं ओळखलंत?"

"हात लपत नाही." तो मास्तरांकडे वळला. "मास्तर, डावीकडच्या मोराच्या डोळ्यात एक घर रिकामं आहे. का ठेवलंत?"

मास्तर हसले. "तेवढं कोण बघतंय? मागाच्या नक्षीकार्डाला भोक पडायचं राहिलं असणार. मशीनची चूक."

उत्कर्षाने काचेला नाक लावलं. "आहे की, अज्जा! पांढरा ठिपका. उजवीकडच्या मोराला नाही."

"चूक नव्हे ती." धोंडिराम म्हणाला. "माझ्या बायकोच्या, शालनच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं. मास्तर, तिच्या हातची भाकरी माझ्या डब्यातनं रोज खाल्लीत. तिचा डोळा ओळखला नाहीत?"

उत्कर्षाने पितळी पट्टी वाचली. मग अज्जांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीतच नव्हतं?"

मास्तरांचा हात नकळत गालावर गेला आणि तिथेच राहिला.

आता आपल्याला मास्तरांची दया येईल, असं धोंडिरामला वाटलं. त्याने वाट पाहिली. आली नाही. मग तो प्रथमच खुर्चीला पाठ टेकून ऐसपैस बसला.

"लाव पोरी पुढं," तो म्हणाला. "राजा अजून गादीवरनं उतरायचाय."