स्टुलाच्या पायाला बांधलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना मनगटी पट्टा आहे. काचेच्या कपाटात असतो. येणारे-जाणारे मला वाकून बघतात, पण माझ्याखाली आता कुणाची नाडी नसते.

माझा जन्म एका छापखान्याच्या माडीवर झाला. तिथल्या दोन खोल्यांत ताईनं कंपनी काढली होती. नाडीच्या चालीतले बारीक बदल ओळखून, आजार अंगावर येण्याआधीच माणसाला सावध करायचं, हा तिचा ध्यास. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी एका जुन्या घड्याळाचं चामडं मला लावलं आणि पहिल्यांदा स्वतःच्याच मनगटावर बांधलं. त्यांच्या नाडीवर मी शिकलो. सगळं ठीक असलं की ताईच्या फोनवर हिरवा ठिपका दिसे, धोका असला की लाल.

एकदा मी लाल ठिपका दाखवला. बाबांना काहीच त्रास नव्हता, तरी ताईनं त्यांना दवाखान्यात नेलं. "वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझं कौतुक झालं, कंपनी वाढली आणि ताई दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कचेरीत गेली.

मी बाबांजवळ राहिलो. ताई आधी रोज फोन करायची. पुढे तिला त्याची गरज वाटेनाशी झाली. हिरवा ठिपका होताच ना! बाबा एक कप चहा करायचे आणि माझ्याशीच बोलायचे. नाडी अगदी व्यवस्थित चालायची. एकटेपण मला मोजता येत नव्हतं.

एका सकाळी बाबांनी मला सोडलं आणि स्टुलाच्या पायाला बांधलं. स्टुलाला कुठली नाडी? तिकडे ठिपका लाल झाला. बाबांनी फोनही उचलला नाही. दुपारी ताई धापा टाकत दारात उभी राहिली.

"आलीस? बस, चहा टाकतो."

"बाबा, मी हातातलं सगळं टाकून धावत आले. हे काय केलंत?"

"म्हटलं, स्टुलाचीही तब्येत कळू दे तुला. माझी तर रोज दिसतेच."

ताई हसली नाही. बाबांच्या मनगटावर बोटं ठेवून ती स्वतःच त्यांची नाडी मोजू लागली.

जाताना तिनं बाबांना नवा पट्टा बांधला आणि मला कचेरीत आणलं. तिथं तिनं सगळ्यांना नवा नियम सांगितला, "लाल ठिपका लगेच दिसेल. हिरवा मात्र घरच्यांनी आधी त्या माणसाला फोन केला, तरच."

कंपनीतला तिचा भागीदार वैतागला. "अगं, लोक आपल्याकडून निश्चिंती घेतात. तू त्यांनाच कामाला लावतेस."

"हो. पहिली मीच लागलेय."

"गिऱ्हाइकं तुटतील."

"काही तुटतील," ताई म्हणाली. आणि तुटलीही.

दर शनिवारी ताई लवकर निघते. कपाटाची काच पुसते आणि मला तिथंच ठेवून बाबांकडे जाते. दिवे मालवतात. मला बाबांची नाडी आठवते. चहाचा पहिला घोट घेतला की ती जराशी उडी मारायची.

मित्रांनो, माझी धाकटी भावंडं तुमच्याही घरात कुणाच्या मनगटावर असतील. त्यांना जपा. पण त्यांचा हिरवा ठिपका बघून आपल्या वाटेला लागू नका. घटकाभर शेजारी बसा. "जेवलात का?" एवढं विचारणं आम्हाला अजून जमलेलं नाही.