अंगठ्याला चटका

पुण्याहून ढोकीपर्यंत गाडीत बसून माझी कंबर कामातून गेली होती, आणि मागच्या सीटवर आई मात्र पहिल्यांदा माहेरपणाला निघाल्यासारखी खूष. दर वर्षी हेच. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आली की मामाचा फोन येणार, "अक्का, ये शेतात जेवायला," आणि मग माझी रजा, नवऱ्याची रजा, सगळं त्या एका अमावस्येला वाहायचं. बार्शी सोडली की उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात, दोन-दोन ट्रॉल्या ओढत. पुढं जायला जागा नाही. कुमार, माझा नवरा, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटत होता ते मी विचारलं नाही. मीही तेच पुटपुटत होते.

बरं, बोलावणं काही प्रेमाचं नव्हे. आजोबा गेले, आजी गेली, त्यानंतर पाच वर्षं गोरोबामामाला बहीण आठवली नाही. मग सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं नाव चढलं आणि लगेच फोन आला. येळवशीला शेतात जेवण, दुसऱ्या दिवशी धाराशिवला जाऊन हक्कसोडपत्रावर सही. आईला जमीन नकोच होती. ती पहिल्यापासून म्हणते, "भावाचं भावाला लखलाभ." मग कर ना सही आणि हो मोकळी! पण नाही. पहिल्या वर्षी आधार कार्ड पुण्यात राहिलं. दुसऱ्या वर्षीही राहिलं. मागच्या वर्षी मी स्वतः ते तिच्या पिशवीत टाकलं, तर निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी तव्यावर अंगठा भाजून घेतला. ठसाच उठेना. साठ वर्षं भाकऱ्या करणाऱ्या बाईला चटका बसतो कसा, असं मी चिडून म्हणालेसुद्धा.

यंदा मी पक्का बंदोबस्त केला. आठ दिवस तिला गॅसजवळ फिरकू दिलं नाही. कार्ड तिला न सांगता माझ्या पर्समध्ये टाकलं. म्हटलं, एकदाची पीडा टळू दे.

शेतात कडब्याची कोप उभी होती, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. पूजा झाली होती. शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, आंबिलीचा माठ, सगळं मांडून ठेवलेलं. बांधावरून दोघं चालले होते, कोण कुठले देव जाणे. मामानं हात वर करून हाक दिली, "ओ पाव्हणं, या जेवायला!" येळवशीला वाटेवरच्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नसतं. ते दोघं आले, पोटभर जेवले, ढेकर देऊन गेले. माझं डोकंच फिरलं. वाटेवरच्या माणसाला नुसती हाक पुरते, आणि सख्ख्या बहिणीला बोलवायला सातबारा लागतो!

आई कोपीमागं ओला हरभरा सोलत बसली होती. मी जाऊन टेकले.

"आई, कार्ड मी आणलंय. उद्या सही करून टाक. पुढच्या वर्षी ही दगदग नको बाई."

तिचा हात थांबला.

"सोने, म्या सही केली की झालं. मंग कोण बोलवतंय मला?"

मी उगाच एक घाटा उचलून सोलायला घेतला.

"तू दमतीस, कळतंय मला," ती म्हणाली. "पर माझ्याकडं ह्यो एकच दिस हाय."

बोलता बोलता ती अंगठ्यावरचा पांढुरका डाग चोळत होती. मी त्या डागाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"आई, तो चटका..."

"लई न्हाय दुखलं," ती म्हणाली आणि परत हरभरा सोलायला लागली.

मला रडू फुटलं. मामाचा राग आला, तिचा आला, आणि तिला वेंधळी वेंधळी म्हणत तीन वर्षं काढली म्हणून सगळ्यात जास्त माझा आला.

पंगत बसली. मामा आंबिलीचा तांब्या घेऊन आईपुढं आला. "अक्का, यंदा तरी कार्ड आणलंस न्हवं?"

आई भाकरी कुस्करत राहिली. कुमार घास चावता चावता म्हणाला, "हो हो, सोनालीनं..." मी त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की पुढचे शब्द त्यानं भज्जीबरोबर गिळले.

"माझ्याच हातून राहिलं, मामा," मी म्हणाले. "सोफ्यावर काढून ठेवलं होतं आणि तसंच आले."

मामाचा मुलगा शंभू लगेच सरसावला. "ताई, ऑनलाइन निघतंय की. आत्याच्या मोबाईलवर ओटीपी यील."

"तो नंबर बंद पडलाय."

चारच दिवसांपूर्वी मामानं त्याच नंबरवर फोन केला होता. तांब्या धरलेला त्याचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मान खाली घातलेल्या बहिणीकडं. शंभू काही बोलणार तर मामानं त्याला हातानंच गप्प केलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि आईचा पेला काठोकाठ भरला. "पुढल्या येळवशीला ये, अक्का."

"येती की," आई म्हणाली. "आन् कार्ड बी आणती."

कुमारनं माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. मी मनातल्या मनात पुढच्या वर्षीची रजा टाकून मोकळी झाले.