पहिल्या मापाचं नाव

जुन्या ग्रीकांच्या लेखी एक ही संख्याच नव्हती. संख्या म्हणजे अनेकांचा समूह, तेव्हा मोजणी दोनपासून. एक हा नुसता तिचा उगम. कॉलेजात मी हे शिकवते तेव्हा मुलं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. हे किती मार्कांना येणार, एवढंच त्यांना हवं असतं.

आणि इकडे हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, ग्रीकांचं नावही न घेता, दादामियाँ रोज सकाळी तेच करत. दादामियाँ माझे आजोबा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मार्केट यार्डात मापाडी म्हणून धान्य मोजण्यात घालवली. अम्मी-अब्बा गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. घरात आम्ही दोघंच. भाताचे तांदूळ मोजताना पहिलं छोटं माप त्यांचं, दुसरं माझं. पहिल्याला ते कधीच ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत, मग ‘दोन’. त्यांच्या वेळचे सगळेच मापाडी असं मोजत.

मला यावर एका चर्चासत्रात निबंध वाचायचा होता. म्हटलं, व्हिडिओच दाखवू. एकदा ‘लाभ’ म्हणून मोजलेलं, एकदा ‘एक’ म्हणून.

“एक म्हणायचं नसतं,” दादामियाँ म्हणाले.

“का पण?”

“नसतं म्हणून नसतं. तुमच्या कॉलेजात प्रत्येक गोष्टीला कारण असतं वाटतं?”

मीही हट्टाला पेटले. एवढी यार्ड गाजवलेली माणसं आणि एका शब्दाला घाबरतात, असं काहीतरी लागट बोलले. माझ्यापुढे त्यांचं कधी चाललंय? रविवारी दुपारी, लख्ख उन्हात, ते चटईवर परातीपुढे मांडी घालून बसले. मी समोर फोन धरून उभी राहिले.

“एक,” ते म्हणाले आणि माप परातीत रिकामं केलं. दुसरं भरलं. हात थबकला.

“एक.” मग तिसरं. “एक.”

मला हसू आलं. “अहो, दोन म्हणा की आता!”

ते ‘एक, एक’ करत मापं ओतत राहिले. डब्यातला तांदूळ खाली खाली जात होता आणि परातीतला ढीग मापभरच राहिला होता.

त्यांनी मान वर केली. “नाजिमा?” नजर माझ्या आरपार स्वयंपाकघरात गेली. “कुठे गेली ही पोरगी?”

“इथेच आहे, समोर!” मी त्यांचा हात धरला. माशी बसावी तसा त्यांनी तो झटकला. उठून बाल्कनी पाहिली, बाथरूमचं दार वाजवलं, मग मला फोन लावला. माझ्या हातातला फोन वाजला. मी उचलला, अक्षरशः किंचाळले. ते मात्र “हॅलो? हॅलो?” करत राहिले. शेवटी त्यांनी शेजारच्या द्वारकाकाकूंना हाक मारली. काकू दारात आल्या, माझ्या खांद्यावरून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, “नाही हो, मला नाही दिसली.”

दादामियाँ रडवेले झाले होते. मला माझी भीती नव्हती वाटत. या म्हाताऱ्या माणसाला माझ्याशिवाय कुणी नाही आणि मलाही त्यांच्याशिवाय कुणी नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

ते परत परातीपुढे बसले. त्यांना बहुतेक माझ्याआधी उमगलं होतं. परातीतले तांदूळ त्यांनी डब्यात ओतले आणि माप भरलं.

“लाभ.” माझ्या जिवात जीव आला.

“दोन.”

ढीग वाढला. त्यांचा चेहरा उजळला. “आलीस? किती घाबरवलंस गं!”

मी पुढे झाले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. बघत होते चटईवरच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे, आणि चटई तिथे कुणी बसल्यासारखी दबलेली होती. हात लांब करून त्यांनी तिथल्या हवेत कुणाच्या तरी केसांवरून फिरवला.

“तुझा व्हिडिओ नीट आला ना?”

“हो, छान आला,” चटईवरून माझाच आवाज म्हणाला.

“दादामियाँ, तीन म्हणा!” मी ओरडले. “माझं माप राहिलंय! हात जोडते तुमच्यापुढे, फक्त तीन म्हणा!”

माप अजून त्यांच्या हातात होतं. डब्यात तांदूळही होता. ते शेजारी वळून म्हणाले, “अजून घालू का गं?”

“नको,” माझा आवाज म्हणाला. “दोघांना पुरे.”

त्यांनी डब्याला झाकण लावलं.