लालबागच्या चर्चची भिंत

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ आहे की झुकली, हे पाहायला गवंडी दोरीला बांधून जे वजन खाली सोडतात, ते मी. सिंधीपुऱ्यातल्या मोतीलाल ओताऱ्याने मला पितळेचा घडवला. सरकारी बांधकामावरचे ओव्हरसियर अनंतराव यांनी मला तळहातावर तोललं आणि म्हणाले, "हा खोटं बोलायचा नाही." मी हुरळून गेलो. पुढे वीस वर्षं मी त्यांच्यासोबत पूल, शाळा, कापसाच्या वखारी पाहिल्या.

छप्पन साली नवा मध्यप्रदेश झाला आणि आमचं गाव त्यात राहिलं. नागपूरच्या कचेऱ्या भोपाळला गेल्या आणि अनंतराव निवृत्त झाले. त्याच सुमारास रेल्वेतली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं गाव सोडून गेली होती. ओस पडत चाललेल्या तीन चर्चपैकी कोणतं राखायचं, कोणतं पाडायचं, हे ठरवण्यासाठी बिशपांनी अनंतरावांना पाहणी करायला सांगितलं.

पहिली दोन ठणठणीत निघाली. तिसरं आमच्याच गावातल्या लालबाग वस्तीतलं. त्या दुपारी वारा सुटला होता. मी दोरीला लटकून सारखा झुलत होतो. अनंतरावांना परगावची गाडी गाठायची होती. त्यांनी घाईने माप घेतलं आणि लिहिलं: भिंत चार इंच बाहेर, चर्च पाडावं. मी ओरडून काय सांगणार? मला तोंड कुठे आहे?

आठवड्याने चर्च झाडणारी सरुबाई त्यांच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "साहेब, फादरनं तुमचा कागद वाचून दाखवला. माझं लगीन त्याच चर्चमधी झालं, मालकाची माती बी तिथूनच निघाली. पन मी रडाया नाही आली. त्या दिवशी हवा जोरात व्हती. तुमचा लट्टू झुलत व्हता. मी तिथंच झाडत व्हती."

अनंतराव रागावले. "मला शिकवतेस? तीस वर्षं हेच काम केलंय मी!"

"शिकवत नाही, साहेब. एक बार फिरून पाहा."

ती गेल्यावर ते बराच वेळ मला हातात घेऊन बसले. दुसऱ्या सकाळी आम्ही लालबागला गेलो. सरुबाईने पाण्याची बादली आणली. अनंतरावांनी मला त्या पाण्यात सोडलं. मी डुलायचा थांबलो. माप निघालं दीड इंच; एवढ्यासाठी चर्च पाडायची गरज नव्हती.

अनंतराव तिला म्हणाले, "सरुबाई, ओळंबा चुकला नव्हता. मी चुकलो." मग ते स्वतः बिशपांकडे गेले. "माझा पहिला अहवाल चुकीचा आहे," असं आपल्या हाताने लिहून दिलं. म्हाताऱ्या माणसाला ते किती जड गेलं, ते त्यांच्या खिशात बसून मी अनुभवलं.

भिंतीला बाहेरून टेकूचे दोन धिरे बांधले आणि चर्च उभंच राहिलं. पुढच्या नाताळात सरुबाईच्या नातीचा बाप्तिस्मा तिथेच झाला. अनंतराव मागच्या बाकावर बसले होते. फादरांनी त्यांना पुढे बोलावलं, तर म्हणाले, "नको, इथून भिंत नीट दिसते."

आता अनंतराव नाहीत. मी एका पत्र्याच्या डब्यात गंजक्या खिळ्यांबरोबर पडून आहे. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढं तर मागतोच. पण त्याहून मोठं मागणं हे: कुणाला वाकडं ठरवण्याआधी वारा थांबू द्या, आणि तिथे रोज झाडणाऱ्या बाईला एकदा विचारा.